पांढऱ्या दगडातला दीड टक्का

८ फेब्रुवारी

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण सात वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम तीर्थरूप म्हटलं तर तू पहिल्याच ओळीला नाक मुरडशील. तेव्हा नुसतंच दादा. आणि हे पाकीट न फोडता तू ते बाजूला सरकवलं असशील, तर वहिनी, तुम्ही फोडा आणि मोठ्याने वाचा. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

निकाल आला! प्रयोगशाळेचा कागद आज सकाळी शेडमध्ये आला, नव्या कंपनीच्या साहेबबाईंनी तो दोनदा वाचला, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "करवतवाल्या बाई, तुमचा दगड जिंकला." सलग अठ्ठावीस मीटर, दादा! शंभर किलो दगडात दीड किलोच्या आसपास लिथियमचा माल. बॅटऱ्यांना लागतं ते लिथियम. मुकादमाने तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि चहा सांगायला गेला. सात वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा चहा पाजला.

तुला यातलं काही कळत नाही असं तू म्हणायचास, आणि मीही कधी धड समजावलं नाही. ऐक. या डोंगरात सोनं शोधायला एक कंपनी आली होती. जमिनीत खोलवर भोकं पाडायची, आतून दगडाच्या लांबच लांब कांड्या काढायच्या आणि त्या पेट्यांमध्ये ओळीने मांडायच्या. मग माझं काम. प्रत्येक कांडी करवतीवर धरून लांबीत उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेत पाठवायची, अर्धी पेटीत ठेवायची. त्या वेळच्या साहेबांचा हुकूम असा की पांढरा दगड चिरायचाच नाही. "ती गारगोटी आहे, तिच्यात सोनं नाही, तपासणीचे पैसे वाया कशाला?" वहीत नुसतं लिहायचं, गारगोटी, इतक्या मीटरपासून इतक्या मीटरपर्यंत.

पण ती गारगोटी नव्हती. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. गारगोटी फोडली की वेडीवाकडी फुटते, शिंपल्यासारखी खोलगट. हा दगड मात्र लांब सपाट फळ्यांमध्ये सुटायचा, एकावर एक रचता येतील अशा. मी साहेबाला दाखवलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही करवत चालवा." दुसऱ्या साहेबाला दाखवलं. तिसऱ्याला चिठ्ठी लिहून दिली. तिन्ही साहेब सोनं शोधत होते, आणि सोनं निघालं टनाला अर्धा ग्रॅम. तेवढ्यासाठी कोणी डोंगर खणत नाही. कंपनीने गाशा गुंडाळला.

जाताना मुकादमाला हुकूम सुटला की पेट्या फेकून द्या, शेड भाड्याने द्यायची आहे. तीनशे बारा पेट्या! मी आणि क्रेन चालवणारा, दोघांनी चार दिवस खपून मागच्या पत्र्याखाली रचल्या. अकरा पेट्या तिथे मावल्या नाहीत, त्या अजून माझ्या पलंगाखाली आहेत. माझ्याकडे आलेल्या माणसाला आधी बुटांऐवजी गुडघे सांभाळावे लागतात. पण त्याच पेट्या उघडल्या म्हणून नव्या कंपनीला नव्याने एकही भोक पाडावं लागलं नाही. दगड तयार, फक्त कोणीतरी चिरायचा बाकी होता.

आणि आपला कागद? तो जागच्या जागी आहे. डोंगराचा पहिला हक्क सोनं शोधत फिरणाऱ्या ज्या म्हाताऱ्याचा होता त्याने तो कंपनीला विकला, पण एक गोष्ट स्वतःकडे राखली होती: या डोंगरातून जे काही धातूचं निघेल, सोनं असो नाहीतर आणखी काही, त्याच्या विक्रीतला दीड टक्का. रॉयल्टी. कंपनी बदलो, मालक बदलो, तो दीड टक्का डोंगराला चिकटलेला. तो कागद मी म्हाताऱ्याकडून घेतला, आई-बाबांचं घर विकून आलेल्या पैशांत. तुझे निम्मे, माझे निम्मे, आणि कागदावर नावंही दोघांची. तुला आधी सांगायचं राहून गेलं आणि तू बोलणं टाकलंस. जे झालं ते झालं. आता तरी म्हण की बारकीला दगड कळतो.

तुझी
बारकी


३ जून

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू पत्र वाचलंस, दोनदा वाचलंस आणि हृदयाच्या डॉक्टरच्या फाइलीत ठेवलंस म्हणे. कागद ठेवायला तुला तीच जागा सापडली? असो. फेकलं नाहीस हेच माझ्यासाठी खूप झालं.

मुद्द्याचं बोलते. काल दोन माणसं आली होती. रॉयल्टी विकत घेणाऱ्या फंडाची. शेडमध्ये बुटांना धूळ लागू नये म्हणून चवड्यांवर चालत होती. कुठल्या कुठल्या डोंगरांचे असे टक्के गोळा करणं हाच त्यांचा धंदा. एकाने फाइल उघडली, दुसऱ्याने आवाजात मध घातला. "बाई, खाण सुरू व्हायला चार-पाच वर्षं लागतील. परवानग्या आहेत, रस्ता आहे, कारखाना आहे. तुमचं वय बघता..."

मी म्हटलं, "माझं वय चौपन्न आहे. डोंगराचं विचारलंत का?"

मुकादम मागे उभा होता, तो फस्सकन हसला. मग त्यांनी आकडा सांगितला. आपण घातले त्याच्या नऊपट. दादा, नऊपट! मी चेहरा दगडासारखा ठेवला, पण टेबलाखाली माझे पाय नाचत होते. ज्या बाईला तीन साहेबांनी "तुम्ही करवत चालवा" म्हणून परत पाठवलं, तिच्यासमोर दोन कोटवाले खुर्चीच्या कडेवर बसून घाम पुसत होते. बाबा असते तर त्यांनी मला खांद्यावर घेतलं असतं, वजन न बघता.

मी नाही म्हटलं. पण ऐक, ते आता तुझ्याकडे येतील. कागद दोघांच्या नावे आहे, दोघांच्या सह्यांशिवाय तो विकता येत नाही, आणि त्यांना वाटतंय की भाऊ बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, शहाणा असेल. तू शहाणा आहेस हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते, सही करू नकोस. नऊपट देणारा माणूस स्वतः किती कमवायचं ठरवून आला असेल, याचा विचार कर. इतकी वर्षं कर्ज मागणाऱ्यांचे चेहरे वाचलेस, यांचेही वाच.

चहा विचार, बसव, आणि बिनसहीच्या कागदासह परत पाठव.

बारकी


२१ ऑगस्ट

दादा, दादा, दादा,

सात वर्षांनी तुझं अक्षर!

फंडाने तुला दिलेला विक्रीचा कागद, त्याच्यावर सही नाही, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन प्रश्न. ना "प्रिय", ना "आशीर्वाद". "१. दीड टक्का नेमका कशावर? २. खर्च कोणाचा? ३. चेकवर नाव कोणी घातलं?" मी ते शेडमध्ये सगळ्यांना दाखवलं. मुकादम म्हणाला, "भाऊ आहे की ऑडिटर?" मी म्हटलं, दोन्ही. तिसऱ्या प्रश्नावर मात्र अंगठा ठेवला होता.

आधी पहिले दोन, कारण ते सोपे आहेत आणि त्यांची उत्तरं देताना मला मजा येते.

एक. दीड टक्का विक्रीवर. नफ्यावर नाही. कंपनीला फायदा झाला, तोटा झाला, तिचं ती बघेल. शंभर रुपयांचा माल विकला गेला की दीड रुपया आपला, मग साहेब हसत असो की रडत.

दोन. खर्च सगळा त्यांचा. भोकं त्यांची, यंत्रं त्यांची, डिझेल महागलं तर त्यांचं, पंप बिघडला तर त्यांचा, पावसात रस्ता वाहून गेला तर तो बांधायचा त्यांनी. आपण काय करायचं? जगायचं आणि वाट बघायची. डोंगरात काही निघालंच नाही तर मात्र आपला कागद पुडी बांधायच्या लायकीचा, हेही खरं. कंपनी सोन्यासाठी आली तेव्हाच तू म्हणाला होतास, "जमिनीखालच्या गोष्टीवर पैसे लावायचे म्हणजे झाकलेली मूठ विकत घ्यायची." बरोबर होतं तुझं. फक्त मी त्या मुठीची बोटं रोज हाताळत होते.

म्हाताऱ्याला फसवून घेतलं का, असंही तुझ्या मनात असेल. नाही. सपाट फुटलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवून मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मुली, मी सोन्याचा माणूस. माझे गुडघे गेलेत, मुलीकडे जायचंय. पांढऱ्याचं तू बघ." भाव त्याने सांगितला, मी घासाघीस केली नाही. निकाल आला तेव्हा पहिला फोन त्याला केला. तो इतका हसला की त्याच्या मुलीने घाबरून फोन काढून घेतला.

आता तीन.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेवर बसून चेकवर सही केलीस आणि म्हणालास, "माझ्या निम्म्याची बँकेत ठेव करून टाक, मी काही बाहेर पडतो की नाही कोणास ठाऊक, वहिनीला कटकट नको." नावाची जागा तू मोकळी सोडलीस, कारण ठेवीचा अर्ज बँकेत भरायचा होता. मी बँकेच्या दारापर्यंत गेले. दारातून परत फिरले आणि त्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्याचं नाव घातलं. मी घातलं. माझ्या हाताने, निळ्या पेनाने.

तू घरी आल्यावर ठेवीची पावती मागितलीस आणि मी तुझ्यापुढे रॉयल्टीचा कागद ठेवला. तू ओरडला नाहीस. तू ओरडला असतास तर मी भांडले असते, मग आपण दोन महिन्यांनी पुन्हा बोललो असतो. तू फक्त विचारलंस, "मला का नाही विचारलंस?" आणि मी म्हटलं, "तू दवाखान्यात होतास." त्यावर तू उठून आत गेलास.

ते उत्तर खोटं होतं. खरं अजून लिहवत नाही. पण चेकचं उत्तर लिहिलं: मी.

बारकी


११ जानेवारी

दादा,

तुझ्या कानावर आलंच असेल. लिथियमचा भाव कोसळला. सहा महिन्यांत निम्म्याच्याही खाली. नव्या कंपनीने रस्त्याचं काम थांबवलं, शेडमधली निम्मी माणसं घरी गेली. मी आहे, कारण पेट्यांच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मी कोणाला देत नाही. भाव पडला म्हणून दगड पातळ होत नाही, असं मी सगळ्यांना छाती काढून सांगते. घरी आले की बसून राहते.

चवड्यांवर चालणारे पुन्हा आले. या वेळी बूट मळवले त्यांनी, म्हणजे घाई आहे. नऊपटीचे साडेतीनपट झाले. तेही थोडके नाहीत. तुझी औषधं, वहिनीला हवं असलेलं तळमजल्याचं घर, सगळं त्यात बसतं. आणि थांबलो तर काय? खाण चार वर्षांत सुरू होईल, दहात होईल, कदाचित कधीच होणार नाही. मला दगड कळतो, बाजार कळत नाही. तो तुला कळतो.

म्हणून सोबत दोन कागद पाठवते आहे. एक विक्रीचा, एक नकाराचा. दोन्हींवर माझी सही आहे. तुला पटेल त्यावर तुझी कर आणि तो फंडाकडे पाठव, मला विचारायची गरज नाही. तू विकलंस तर मी रुसणार नाही, टोमणा मारणार नाही, वीस वर्षांनी "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणणार नाही. हे शेवटचं मला फार जड जाईल, तरीही.

आठ वर्षं उशीर झाला, पण विचारते. दादा, हा कागद ठेवू या का?

बारकी


१९ मार्च

दादा,

गेली चार वर्षं आपण फोनवरच बोललो, त्यामुळे पत्राचा हात मोडला आहे. आणि आता तर तू शेजारच्या खोलीत दुपारचा झोपला आहेस, घोरतो आहेस, तुझ्या पलंगाखाली त्याच अकरा पेट्या आहेत, आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून तुला पत्र लिहिते आहे. वेड लागलं म्हण. तोंडाने काही गोष्टी निघत नाहीत, तू सकाळी पाहिलंसच.

पण आधी सकाळ पुन्हा एकदा लिहून काढू दे, मला ती पुन्हा हवी आहे. पहिली गाडी! नऊ वाजून दहा मिनिटं. चाळीस टन पांढरा माल, त्यावर ताडपत्री, आणि चालकाने फाटकाबाहेर पडताना इतका लांब हॉर्न वाजवला की साहेबबाईंनी कानांवर हात ठेवले आणि त्यांचे डोळे भरून आले. भाव निम्म्याने पडला, पुन्हा चढला, मध्ये एकदा आडवा झाला, पण गाडी निघाली. मुकादमाने तुझा हात हातात घेऊन विचारलं, "त्या वेळी विकलं का नाही हो तुम्ही? आम्ही सगळे बाईंना विका म्हणत होतो." तू म्हणालास, "तिने विचारलं म्हणून."

तो नकाराचा कागद मला अजून दिसतो. रजिस्टर्ड पोस्टाने त्याची प्रत आली होती, खाली तुझी सही, बँकेत करायचास तशी, शेवटच्या रेघेसकट. विक्रीचा कागद तू फाडलाही नव्हतास, सोबतच पाठवलास. त्याच्या पाठीवर साडेतीनपट आणि चार टक्के, पाच टक्के, सहा टक्के व्याज असं सगळं गणित मांडून शेवटी लिहिलं होतंस, "गणिताप्रमाणे विकावं. ठेवू या."

आणि आज तू करवतीवर कांडी धरलीस. इस्त्रीच्या शर्टावर पाण्याचा करडा फवारा, गालावर चिखल, आणि अर्धी कांडी हातात आली तेव्हा लहान मुलासारखा तिच्याकडे बघत राहिलास. नखाने ती सपाट बाजू चाचपलीस. "खरंच फळीसारखी सुटते गं," म्हणालास. दादा, हे वाक्य ऐकायला मी बारा वर्षं थांबले. पैसे येतीलच, तिमाहीला येतील, तुझ्या खात्यात तुझे, माझ्या खात्यात माझे. पण ते वाक्य मी कोणाला दीड टक्काही देणार नाही.

मग परत येताना, रस्त्याच्या वळणावर, तू सहज बोलल्यासारखं म्हणालास, "तेव्हा विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"म्हणून विचारलं नाहीस?"

मी हो म्हटलं, आणि तू मान हलवलीस, जणू प्रकरण मिटलं. मिटलं नाही. तेही अर्धंच खरं होतं. अर्धी कांडी दिली तुला, अर्धी पेटीत ठेवली.

उरलेली ही घे. तू नाही म्हटलं असतंस तर मीही घेतला नसता. माझ्या निम्म्या पैशांत म्हातारा निम्मा कागद द्यायला तयार होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या पैशाला हात लावायची गरजच नव्हती. पण दगडाची मला जितकी खात्री होती, तितकी माझी नव्हती. तीन साहेबांनी हसून परत पाठवलेल्या बाईने एकटीने सही करायची, आणि चुकलं तर एकटीने चुकायचं, एवढा धीर माझ्यात नव्हता. तुझं नाव शेजारी लिहिलं तेव्हा मला धीर आला. तू खाटेवर झोपला होतास, छातीला टाके, आणि मी तुझा आधार घेतला. न विचारता. डोंगर जिंकला म्हणून ते बरोबर ठरत नाही. हरला असता तर तू माझ्यासोबत बुडाला असतास, आणि तेव्हाही मी म्हटलं असतं, तू दवाखान्यात होतास.

मुकादमापासून साहेबबाईंपर्यंत सगळे म्हणतात, बाईंनी एकटीने केलं, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून केलं. मी बारा वर्षं ते ऐकून मान वर करत आले. आज त्यांना सांगून टाकलं. तू इथे झोपल्यावर मी परत शेडमध्ये गेले आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, चेकचं सुद्धा. मुकादमाचा घास हातातच राहिला. सांगून झाल्यावर मला जे वाटलं, ते निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं, गाडीच्या हॉर्नलाही नाही. मोकळं वाटलं, दादा. जिंकल्यासारखं वाटलं.

हे वाचून रागावायचं असेल तर रागाव. या वेळी उठून आत जाऊ नकोस, तुझ्या खोलीच्या पुढे आत जायला आणखी खोलीच नाही. ओरड. मी भांडेन. आपल्याला यायलाच हवं तेवढं.

चार वाजता तिसरी गाडी वजनकाट्यावर चढते. कंपनीचा माणूस आकडा वाचतो आणि रॉयल्टीवाल्याने तो बघून सही करायची असते. सकाळच्या दोन्ही गाड्यांना मी एकटीनेच केली, सवयीने. पण त्या पावतीवर दोन रेघा आहेत आणि वरची तुझी आहे. ती मी मोकळी ठेवली आहे. ऊठ, तोंड धू आणि ये.

बारकी